ऑनलाइन ओपन माइक घेताय? या चुका टाळा

आमचं नागपूरकरांचं काव्यवाचन दर शनिवारी रात्री 9 वाजता झूमवर असतं. कोणी महाल भागातून जॉइन होतं, कोणी कामठीहून, कोणी नोकरीसाठी पुण्याला गेलंय पण ऐकायला हमखास हजर. आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक वेळेची. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत बंद होते, हे माहीत असूनही आम्ही आधी जुने कवी आणि मग ओपन माइक, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं वाचायचं, असा क्रम ठेवला. "अजून एक छोटीशी ऐकवतो" करत करत 35 मिनिटं तिथंच गेली. मग एक मुलगी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत वाचायला आली, वही अगदी तोंडाशी धरलेली, आवाज थरथरतोय, आणि दुसरं कडवं सुरू झालं न झालं तोच मीटिंग बंद. परत लिंक टाकली, सगळे आले, ती नाही आली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नवीन लोक आधी. माणशी 4 मिनिटं, सहा जण, म्हणजे 24, मधलं बोलणं धरून 32-33 होतात. नावं जास्त असली तर दुसरी लिंक आधीच बनवून ग्रुपवर टाकून ठेवा, किंवा गूगल मीट घ्या, तिथं फुकटात 60 मिनिटं मिळतात.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना म्यूट करून ठेवणं. भाषणाला चालतं ते, गझलेला नाही चालत. गझल वाचणारा शेराची पहिली ओळ दोनदा काहून म्हणतो? लोकांनी ती उचलावी, कोणाच्या तरी तोंडून "क्या बात है" निघावं, मग तो दुसरी ओळ ऐकवतो आणि काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, आला की दाद पडते. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं सभागृह असलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. पण ऑनलाइन तो ओळ म्हणून थांबतो आणि समोर नुसते मुके चौकोन, मग बिचारा घाईघाईत गुंडाळतो. आम्ही आता तीन-चार जाणकार श्रोते अनम्यूट ठेवतो, इयरफोन लावून, शांत खोलीत बसलेले. दाद तोंडानंच द्या बरं का, टाळ्यांना सॉफ्टवेअर गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. आवाज जरा उशिरा पोचतो म्हणून कवीनंही ओळीनंतर एक श्वास जास्त थांबावं.

आता कूलर. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद कर म्हणणं जिवावर येतं, पण झूम कूलरची घरघर कापायला जातं तेव्हा सोबत कवीचा हळू आवाजही कापतं, ओळीचं शेवटचं अक्षर गायब होतं आणि तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर, गाणाऱ्याचा लांबवलेला सूर मधेच तुटतो. पाच मिनिटं कूलर बंद करा, सेटिंगमधून ओरिजिनल साउंड (म्हणजे झूम आवाज न कापता जसाच्या तसा पाठवतं) सुरू करा आणि मग वाचा. कूलर चालू ठेवून मात्र ते करू नका, सगळी घरघर सरळ लोकांच्या कानात जाईल. ब्लूटूथपेक्षा वायरवाला इयरफोन बरा. एकाच खोलीत दोन फोन जॉइन असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो.

लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका, वेटिंग रूम लावा म्हणजे होस्टनं घेतल्याशिवाय कोणी आत येत नाही, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा.

आणि चॅट. एक जण वऱ्हाडी कविता वाचत होते, तेवढ्यात कोणीतरी चॅटमध्ये "शब्द असा नाही, असा म्हणा" लिहिलं. ते फोनवरूनच वाचत होते, मेसेज समोर आला आणि अडखळले ते अडखळलेच. वऱ्हाडी शब्द वऱ्हाडीतच बरोबर असतो हो! आता आमचा नियम आहे, वाचन चालू असताना चॅटमध्ये फक्त कवितेतली आवडलेली ओळ टाकायची, दुसरं काही नाही. मीटिंग बंद करायच्या आधी ते चॅट आठवणीनं सेव्ह करा, नाहीतर त्या ओळी गेल्या, आम्ही त्या रात्रीच ज्याच्या त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो.