सुरीला घरी धार लावताना माझं काय चुकत होतं

टोमॅटोवर सुरी घसरायची, साल तशीच आणि गर चेपून बाहेर. सायकलवर दगडाचं चाक फिरवत येणारे धारवाले हल्ली आमच्या गल्लीत फिरकत नाहीत. म्हणून दोन बाजूंचा दगड आणला, एकीकडे ४०० ग्रिट, दुसरीकडे १००० (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा; तो जितका मोठा तितका दगड गुळगुळीत).

पहिले चार दिवस नुसतं घासलं. होती ती धारही गेली! दर फेरीला मनगट वर-खाली होत होतं, त्यामुळे कड गोल होत होती. उपाय कागदाने दिला. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडाशेजारी उभी ठेवून सुरी तिच्याहून जरा खाली धरायची.

खरी खूण बोटाला कळते. सुरी एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची खरखरीत कड उमटते. अंगठा पाठीकडून धारेकडे, बाहेर ओढला की ती लागते. (धारेच्या लांबीने बोट फिरवू नका. मी फिरवलं.) टोकापासून मुठीपर्यंत ती लागली की मगच बाजू बदलायची. शेवटी १००० वर हलक्या हाताने आलटून पालटून फेऱ्या, म्हणजे ती निघून जाते.

दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवतो आणि खाली ओलं फडकं घालतो, नाहीतर ओट्यावर सरकतो.

परवा आईने विळी पुढे केली, "हीपण पाजव की." पातं वाकडं, त्यामुळे तिथे दगडच पात्यावर फिरवावा लागतो. ते अजून जमवतोय.