कुव्हर्चर चॉकलेट: विरजण नीट लागलं तरच चकाकी

केकच्या सामानाच्या दुकानात चॉकलेटची लादी घेताना आधी मागची बाजू वाचा. घटकांत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसलं तर ते कंपाउंड. ते वितळवून थेट वापरता येतं, पण जिभेवर मेणासारखं रेंगाळतं. कुव्हर्चर म्हणजे लेप चढवायचं खरं चॉकलेट. त्यात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी असते, युरोपच्या नियमानुसार किमान 31 टक्के. म्हणून ते पातळ वाहतं आणि बदामावर किंवा सारणाच्या गोळीवर बारीक थर बसतो. मात्र कोको बटर वेगवेगळ्या स्फटिकांत गोठतं. चकाकी आणि टचकन मोडणारा कडकपणा त्यातला एकच प्रकार देतो. तो साधायचा म्हणजे टेम्परिंग.

डार्क कुव्हर्चर 500 ग्रॅम बारीक चिरा. 350 ग्रॅम कोरड्या भांड्यात घेऊन गरम पाण्याच्या वाफेवर ठेवा. तळ पाण्याला टेकू देऊ नका. 45 ते 50 अंशांपर्यंत वितळलं की उतरवून भांड्याचं बूड लगेच पुसा. पाण्याचे दोन थेंब पडले तरी साखर ओली होऊन चॉकलेटचा दाणेदार गोळा होतो. त्याचा लेप होत नाही. तसं झालंच तर कोमट क्रीम घालून त्याचं गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मऊ मिश्रण करा.

आता उरलेले 150 ग्रॅम तुकडे थोडे थोडे घालत ढवळत राहा. चांगल्या स्फटिकांचं हे विरजणच. 28 अंशांवर आलं की हलकं गरम करून 31-32 वर आणा. मिल्कसाठी 27 आणि मग 29-30, व्हाइटसाठी 26 आणि मग 28-29. थर्मामीटर हवाच, अंदाजाने हे जमत नाही. 34 च्या वर गेलं तर विरजण मोडलं, पहिल्यापासून सुरुवात.

सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. 20 अंशांच्या खोलीत तीन ते पाच मिनिटांत चकचकीत सुकलं, बोटाला लागलं नाही, तरच गोळ्या बुडवायला घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एसी लावूनच बसा.

सारण 20-22 अंशांवर हवं. फ्रीजमधून थेट काढलेली गोळी गरम होताना फुगते आणि कवच तडकतं. काट्यावर घेऊन दोन-तीनदा झटका, तळ भांड्याच्या काठावर निरपा, मगच बटर पेपरवर सरकवा; नाहीतर गोळीखाली चॉकलेटचं थारोळं गोठतं.

दुसऱ्या दिवशी करडे पट्टे दिसले तर बोट घासून पाहा. बोटाच्या उबेने विरघळले तर टेम्परिंग चुकलं किंवा नंतर ऊब लागली. खरखरीत राहिले तर ओल लागून साखर वर आली.