स्पेस की टॅब, भांडत बसू नका की ओ

आमच्या कोडच्या प्रोजेक्टला चौघं जण, एक निपाणीचा, एक खानापूरचा, दोघं टिळकवाडीतले, आणि प्रत्येकाच्या एडिटरची (कोड लिहायच्या प्रोग्रामची) सेटिंग वेगळी, ओळ आत सरकवायला कुणाची टॅब, कुणाची स्पेस. मी दोन ओळी बदललो तरी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) चारशे ओळी लाल-हिरव्या दिसायच्या, कारण फाईल सेव्ह करताना सगळ्या टॅबच्या स्पेस होऊन बसायच्या, मग खरा बदल कुठला ते रिव्ह्यू करणारा शोधणार कसा सांगा.

तर पहिल्यांदा प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये डॉट एडिटरकॉन्फिग (.editorconfig) नावाची फाईल टाका, इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) किती, ओळीचा शेवट कसला ते त्यात लिहायचं. बाकीचं काम फॉरमॅटरला, म्हणजे कोड एकसारखा मांडून देणाऱ्या प्रोग्रामला द्या. जावास्क्रिप्टला प्रेटिअर, पायथनला ब्लॅक. ब्लॅक ८८ अक्षरांवर ओळ तोडतो, प्रेटिअर ८० च्या आसपास, आवडो न आवडो तेच ठेवा, आकड्यावर वाद घालण्यात संध्याकाळ जाते (आमची गेली, कुंदा संपला तरी मिटलं नाही). फॉरमॅटरचं व्हर्जन मात्र सगळ्यांचं एकच पाहिजे, नाहीतर परत तेच.

जुना कोड फॉरमॅट करायचा तर त्याचा एकच वेगळा कमिट (गिटमधली बदलांची एक नोंद) करा, त्यात दुसरं कायबी घालू नका. त्या कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा कोड) एका फाईलीत लिहून गिटच्या ब्लेम डॉट इग्नोररेव्ह्जफाईल (blame.ignoreRevsFile) सेटिंगला ती फाईल दाखवा, गिट २.२३ पासून ही सोय आहे, म्हणजे ओळ मुळात कुणी लिहिली ते ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) बरोबर दिसतं. फॉरमॅटर चालवायला विसरणाऱ्यांसाठी प्री-कमिट हुक लावा, म्हणजे कमिटच्या आधी तो आपोआप चालतो.

कमेंट मराठीत, कन्नडात की इंग्लिशमध्ये, तेवढं फॉरमॅटर ठरवत नाही, ते तुम्हीच बसून ठरवा.