कंपनी फिटिंगचा हॉर्न कमी पडतो तेव्हा: आधी व्होल्ट मोजा, मग रिले बसवा, हॉर्न शेवटी

मोटरसायकलबरोबर आलेला हॉर्न क्षीण वाटला की बहुतेक जण मोठा हॉर्न आणतात आणि जुन्याच दोन वायरी त्याला खोचतात. आवाज थोडा वाढतो. पण काही दिवसांनी नवा हॉर्नही घोगरतो, नाहीतर हँडलवरचं बटण मधूनच दगा देऊ लागतं. हॉर्न बदलला, पण त्याच्यापर्यंत वीज नेणारी वाट तेवढीच अरुंद राहिली, हे त्यामागचं कारण. कंपनीची वायर आणि बटण साधारण २ ते ३ अँपिअरच्या एका लहान हॉर्नच्या हिशोबाने दिलेलं असतं. त्यातून ७-८ अँपिअर ओढायला गेलं की बटणाचे पॉइंट (आतली एकमेकांना टेकून वीज जोडणारी टोकं) जळतात आणि हॉर्नला अर्धपोटीच राहावं लागतं.

हिशोब करून बघा. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत आणि परत, अशी मिळून ३ मीटर वायर धरू. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला रोध साधारण ०.१ ओहम येतो. ८ अँपिअर वाहिले की ०.८ व्होल्ट वायरीतच जिरले. चावीचा स्विच, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) आणि बटण यांची घट वेगळी. तीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट ०.३ व्होल्टच्या आत राहते, २.५ ची असेल तर ०.२ च्याही आत.

जुन्या हॉर्नला एक संधी

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, उपाशी बॅटरीवर हॉर्नची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. आता वायरी जोडलेल्याच ठेवून हॉर्नच्या दोन पिनांवर मीटरची टोकं धरा आणि बटण दाबा. ११.५ किंवा जास्त आले तर वाट ठीक आहे, दोष हॉर्नमध्ये आहे. ११ च्या खाली आले तर हॉर्न बिचारा निर्दोष असू शकतो.

घट कुठे होते ते शोधायलाही हाच मीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं हॉर्नच्या प्लस पिनवर ठेवून बटण दाबा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या बाजूला हरवले. मग तसंच मायनसच्या बाजूला करा. ज्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसेल तिथले कपलर सोडवून साफ करा, बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, अर्थिंगचा बोल्ट काढून त्याखालचा रंग-गंज खरवडा. बऱ्याच गाड्यांत बटण मायनसच्या बाजूला असतं (हॉर्नला प्लस सतत, बटण दाबलं की अर्थ मिळतो), त्यामुळे घट त्या बाजूला दिसली तरी गोंधळू नका.

किकने सुरू होणाऱ्या काही जुन्या लहान गाड्यांत हॉर्न एसीवर चालतो. तिथे हॉर्न वाजत असूनही डीसी रेंजवर आकडा जवळपास शून्य येतो आणि एसी रेंजवर दिसतो. अशा वायरीवर नेहमीचा १२ व्होल्ट डीसी रिले (बटणाच्या थोड्याशा करंटवर मोठ्या करंटची वाट उघडणारा स्विच) नुसता कडकडत राहील. बटणाची वायरिंग बॅटरीच्या डीसीवर आणल्याशिवाय पुढचं काम हाती घेऊ नका.

व्होल्ट बरोबर येऊनही आवाज चिरका असेल तर हॉर्नच्या पाठीमागे लाख किंवा रंगाने बंद केलेला छोटा स्क्रू शोधा. आत एक विद्युतचुंबक पातळ पत्र्याचा पडदा ओढतो, ओढताना पॉइंट उघडतात, वीज तुटते, पडदा परत येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. सेकंदाला तीन-चारशे वेळा हे चालतं. स्क्रूने ठरतं ते पॉइंट केव्हा उघडायचे तेवढंच. स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. प्रत्येक वेळी बटण फक्त सेकंदभर दाबा. आवाज एका जागी अचानक भरदार होतो, तिथेच थांबा. आणखी फिरवलं तर एकदाच ‘टक’ होऊन हॉर्न गप्प बसेल. म्हणजे पॉइंट उघडतच नाहीत आणि कॉइलमधून सलग करंट जातोय. त्या अवस्थेत बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. जागा सापडली की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, कंपनाने तो हलत नाही. मधल्या मोठ्या नटला मात्र हात लावू नका. तो पडद्याचा आहे आणि एकदा हलला की मूळ सूर पुन्हा मिळणं अवघड.

काही हॉर्न रिव्हेटने बंद असतात, त्यांना स्क्रू नसतो. ते बदलायचेच.

कोणता हॉर्न घ्यावा

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याला भुलू नका. किती अंतरावर मोजला ते लिहिलं नसेल तर आकड्याला किंमत नाही, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. १ मीटरवरचे ११८ आणि २ मीटरवरचे ११२ म्हणजे एकच हॉर्न. आणि एकसारखे दोन हॉर्न लावले म्हणून आवाज दुप्पट ऐकू येत नाही. वाढ साधारण ३ डेसिबलची असते, कानाला दुप्पट वाटायला १० च्या आसपास लागतात.

थाळीसारखा चपटा डिस्क हॉर्न साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. त्याच्या पडद्यावरची चकती २००० हर्ट्झच्या आसपास घुमते, कान तिथे बराच तीक्ष्ण असतो. म्हणून हा आवाज गोंगाटातून आरपार जातो. शंखाच्या आकाराचा हॉर्न ४ ते ५ अँपिअर घेतो, आवाज गोल आणि मोटारीसारखा येतो, पण जागा खूप खातो. कॉम्प्रेसरवर चालणारा हवेचा हॉर्न १५ ते २० अँपिअर ओढतो आणि दाब तयार व्हायला क्षणभर घेतो. आमच्या मते लहान बॅटरीच्या मोटरसायकलवर त्याचं काम नाही.

बहुतेक गाड्यांसाठी एक खर्जाचा आणि एक चढ्या सुराचा अशी डिस्क हॉर्नची जोडी उत्तम. एक ३५० तर दुसरा ४२० हर्ट्झ, किंवा ४०० आणि ५००. अंगावर एल आणि एच ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. दोन्ही एकाच सुराचे घेतले तर आवाजाला भरीवपणा येत नाही. बॅटरी ३ अँपिअर-तासाची किंवा त्याहून लहान असेल तर जोडीचा मोह सोडा, एकच चांगला डिस्क हॉर्न लावा. इंधन इंजेक्शनच्या गाडीत थकलेल्या बॅटरीवर मोठा भार पडला की व्होल्टेज इतकं खाली जाऊ शकतं की इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) गोंधळतो.

कायद्याचंही बघून घ्या. वाहनांच्या हॉर्नसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक २८ मध्ये ७ किलोवॅटपेक्षा जास्त शक्तीच्या मोटरसायकलला ७ मीटरवरून जास्तीत जास्त ११२ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सूर बदलत वाजणारे हॉर्न अनेक देशांत चालत नाहीत.

रिलेची जोडणी

सामान थोडंच लागतं: १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचा सॉकेट, झाकणाचा फ्यूज होल्डर, १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, १.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर प्रत्येकी २ मीटर, ६.३ मिलिमीटरचे नर-मादी लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे जोड), बॅटरीसाठी दोन गोल लग, हीट श्रिंक नळी (तापवली की वायरीवर आवळते ती), झिप टाय. लग दाबायला चांगली क्रिम्पिंग पक्कड हवी. नुसतं सोल्डर केलेली वायर कंपनाने सोल्डर जिथे संपतं तिथेच तुटते. लग दाबल्यावर जोरात ओढून बघा, निघाला तर तो निघणारच होता.

बॅटरीचा मायनस आधी सोडवा. प्लस आधी सोडवताना पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते.

जुन्या हॉर्नच्या दोन वायरी कापू नका. त्यांच्या लगमध्ये बसतील असे नर लग लावून दोन छोट्या वायरी करा आणि त्या रिलेकडे न्या. पुढे मूळ हॉर्न परत बसवायचा झाला तर पाच मिनिटांचं काम राहतं. मग:

८५ आणि ८६ – जुन्या हॉर्नच्या दोन वायरी
३० – बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून
८७ – नव्या हॉर्नची एक पिन (दोन असतील तर इथून दोन फाटे)
हॉर्नची दुसरी पिन – काळ्या वायरीने बॅटरीचा मायनस

जुन्या दोन्ही वायरी रिलेच्या कॉइलला दिल्यामुळे गाडीत बटण प्लसच्या बाजूला आहे की मायनसच्या, हा प्रश्नच उरत नाही. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, बटणाला आराम. एकच वायर येणारा जुना हॉर्न असेल, म्हणजे तो अंगानेच अर्थ घेत असेल, तर ती वायर ८६ ला आणि ८५ चेसिसला द्या. रिलेच्या अंगावरच्या आकृतीत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिसला तर मात्र प्लस ८६ लाच जायला हवा. उलटं जोडलं तर बटण दाबताच डायोड शॉर्ट होतो आणि गाडीचा फ्यूज उडतो.

पाच पिनांचा रिले मिळाला तर ८७ए मोकळी सोडून टेपने बंद करा. हॉर्न चुकून तिच्यावर जोडला तर बॅटरी जोडताक्षणी भोंगा सुरू होईल आणि बटण दाबल्यावर बंद होईल.

दोन हॉर्न समांतरच जोडायचे. एकामागे एक जोडले तर दोघांना निम्मे निम्मे व्होल्ट मिळतात आणि एकाचे पॉइंट उघडले की दुसऱ्याचीही वीज तुटते. निघतो तो आवाज ऐकण्यासारखा नसतो.

फ्यूज बॅटरीपासून १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कसलंच संरक्षण नसतं. रिले सीटखाली किंवा टाकीखाली, पिना खाली करून बांधा, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये साचत नाही. वायर मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने न्या, सिलिंडर आणि सायलेन्सरपासून लांब. हँडलच्या मानेजवळ सैल ठेवा.

हॉर्न बसवणं

इथे सगळ्यात जास्त आवाज वाया जातो. हॉर्न चेसिसला थेट घट्ट आवळला तर पडद्याबरोबर अंगाने हलायची त्याची मुभा जाते, आवाज दबतो आणि कंपन चेसिसमध्ये उतरतं. कंपनीच्या हॉर्नला स्प्रिंगच्या पातळ पट्ट्या एकावर एक लावलेल्या असतात, त्या याचसाठी. नव्या हॉर्नबरोबर आलेली पट्टी वापरा, जाड लोखंडी पट्टीचा तुकडा नको. बोल्ट आवळताना हॉर्न हाताने धरा, तो फिरला तर पट्टी पिळवटते.

हॉर्नचं अंग कशालाही टेकता कामा नये, केबललाही नाही. चारी बाजूंनी एक बोट जाईल एवढी जागा ठेवा. डिस्क हॉर्नचं तोंड पुढे आणि किंचित खाली, शंखाचं तोंड पूर्ण खाली. रेडिएटरची हवा अडवू नका. मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि पुढचा ब्रेक धरून शॉकअप पूर्ण दाबा. मडगार्ड हॉर्नपर्यंत पोचतं का ते चालत्या गाडीवर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

बॅटरीचा मायनस शेवटी जोडा आणि मीटर पुन्हा हॉर्नच्या पिनांवर लावा. बटण दाबलेलं असताना बॅटरीवर जे व्होल्ट दिसतात त्यापेक्षा इथे ०.५ हून कमी फरक हवा.

बिघडलं तर

रिलेचा ‘टक’ येतो पण हॉर्न गप्प: फ्यूज बघा, मग ३० वर १२ व्होल्ट आहेत का, मग बटण दाबून ८७ वर. दोन्हीकडे असतील तर अर्थिंग सुटलंय.

‘टक’ही नाही: ८५-८६ मध्ये बटण दाबून व्होल्ट मोजा. १० च्या खाली असतील तर दोष जुन्या बटणात किंवा कपलरमध्ये, तेच साफ करायचं राहिलं होतं.

रिले कडकडतो: बॅटरी थकली आहे. हॉर्न वाजताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, रिले पुन्हा ओढतो. बॅटरीचे सैल टर्मिनलही हेच करतात.

हँडल वळवल्यावरच फ्यूज उडतो: मानेजवळ वायरीचं आवरण घासून तांबं चेसिसला लागतंय. तिथे मोठा फ्यूज टाकून वेळ मारून नेऊ नका. १५ च्या जागी ३० टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

पावसानंतर आवाज बसला: तोंड वर राहिलंय, आत पाणी आहे. हॉर्न काढून तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या, मग अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे दहा-बारा झटके द्या. डिस्क हॉर्नवर प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट मारला तरी हेच होतं, धुताना तेवढा भाग हाताने झाका.