रात्री चारदा लघवीला उठावं लागतंय? आधी तीन दिवस वही ठेवा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात संडास परसात आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री मागच्या दाराची कडी वाजली, की वडील उठले हे मला अंथरुणातच कळायचं. साडेबारा, दोन, साडेतीन, पाच. वय ६८. सकाळी पेपर मांडीवर आणि मान छातीवर. "वयच झालं आता, चालायचंच," एवढंच म्हणायचे. गल्लीत ज्याला विचारावं तो सांगायचा, "प्रोस्टेट असणार." ती, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, थोडी वाढलेली निघालीही, पण चार वेळा उठण्याचं मुख्य कारण ती नव्हती. ते एका शंभर पानी वहीनं दाखवलं. म्हणून गोळीच्या मागं लागण्याआधी ही वही कशी ठेवायची ते सांगतो.

वही कशी ठेवायची

प्लॅस्टिकच्या भांड्यांच्या दुकानात खुणा असलेलं १ लिटरचं मापाचं भांडं मिळतं, ते घ्या आणि फक्त याच कामाला ठेवा. तीन दिवस, तीन रात्री प्रत्येक वेळची लघवी त्यात मोजायची. वेळ आणि किती मिली, दोन्ही लिहायचं. चहा, पाणी, ताक, दूध काय आणि किती प्यायलं तेही. दिवे कधी मालवले, सकाळी कधी उठलो, हेही हवं. रात्रीसाठी भांड्याशेजारीच टॉर्च आणि पेन ठेवा, नाहीतर "सकाळी लिहू" म्हणून राहून जातं.

आणखी एक रकाना आखा: लघवी लागली म्हणून जाग आली, की जाग आली म्हणून लघवीला गेलो? हा प्रश्न साधा वाटतो, पण उपचाराची वाट त्यावरून बदलते.

हिशेब

झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसात धरा, सकाळी उठल्याबरोबरची पहिली रात्रीत. वडिलांच्या एका रात्रीचे आकडे असे: २२०, २४०, २३०, २१० आणि सकाळची २५०. बेरीज ११५० मिली. २४ तासांची एकूण १९००. म्हणजे निम्म्याहून जास्त लघवी रात्रीच तयार होत होती. पासष्टीपुढे हा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या वर गेला, तर रात्री लघवी जास्त बनते असं डॉक्टर धरतात. तरुणांत ही मर्यादा एक पंचमांशाच्या आसपास असते.

आकडे काय सांगतात

रात्रीचा वाटा मोठा असेल तर आधी पाय बघा. संध्याकाळी पायमोजा काढल्यावर खोल वळ राहतो का? नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो का? दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. अशी सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारानं येते, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीनंही येते. वय वाढतं तसं रात्री लघवी रोखून धरणारं संप्रेरकही कमी पडतं. आणि मीठ! रात्री तांबडा रस्सा, वर खर्डा, लोणचं, पापड. शरीर ते जादा मीठ पाण्यासकट बाहेर टाकतं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपल्याकडं ती एका जेवणातही ओलांडली जाते.

घोरणं फार, मध्येच श्वास अडकतो, घरच्यांनी हलवून जागं केलंय? मग झोपेतला श्वासरोध तपासून घ्या. श्वास अडकला की छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. माणसाला वाटतं लघवीनं उठवलं, खरं तर श्वासानं उठवलेलं असतं.

दर वेळी जेमतेम ८०-१०० मिली होत असेल, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, शेवटी थेंब थेंब, तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा दोष संभवतो. रात्रंदिवस भरपूर होत असेल आणि तहानही फार, तर शुगर लगेच तपासा.

झोपेचं नुकसान

गाढ झोपेचा मोठा भाग पहिल्या तीन-चार तासांत असतो. त्यामुळं पहिल्यांदा उठायची वेळ वहीत अधोरेखित करा. वडील साडेदहाला झोपून साडेबाराला उठत, म्हणजे गाढ झोप ऐन भरात असतानाच मोडायची. दिवसाची पेंग, चिडचिड, विसरभोळेपणा त्यातून आला होता, वयातून नव्हे. उद्यमनगरातल्या कारखान्यात यंत्रावर उभं राहणाऱ्या माणसाला अशी पेंग धोक्याची आहे.

आजपासून काय करता येईल

झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पिणं कमी करा. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध प्यायचंच असेल तर लवकर संध्याकाळी प्या. चहा दुपारनंतर नको, रात्रीचं मद्य नकोच. दिवसाचं पाणी मात्र तोडू नका. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय छातीच्या पातळीला उंच ठेवून पडा. ते पाणी झोपण्याआधीच निघून जातं. हृदयाचा आजार असलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारावं.

वडील पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं जादा पाणी काढणारी, रात्री जेवल्यावर घेत, कारण तेव्हा लक्षात राहायची. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली, मीठ कमी करवलं. महिन्याभरात उठणं चारवरून एक-दोनवर आलं. गोळीची वेळ स्वतःच्या मनानं मात्र बदलू नका.

डॉक्टरांकडं जाताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं दोन्ही न्या. लघवी व शुगरची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, गरज वाटल्यास पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, असं ते सांगतील. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच असं नाही.

रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताच बीपी उतरतं आणि चक्कर येते. वाटेवर मंद दिवा ठेवा. लघवीत रक्त दिसलं, किंवा थंडीताप भरून लघवीला जळजळ होऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवा. आणि पोट फुगून लघवी अजिबात होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, आमच्याकडचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो वा जवळचं कुठलंही, तेवढ्या रात्री गाठा.