ऑईल फिल्टर खोलताना सांडलेलं तेल तिसऱ्या दिवशी दिसतं

ऑईल बदलणं गॅरेजात सगळ्यात हलकं काम समजलं जातं, म्हणून ते नव्या पोराच्या वाट्याला येतं. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं काढून आलेला असो, नाहीतर दहावीनंतर थेट पाना धरलेला असो. चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) नट कसा खोलायचा, वायसर नवा का टाकायचा हे तुम्हाला माहीत असेलच. मी फक्त फिल्टरबद्दल बोलतो. जळगावला हायवेच्या कडेच्या गॅरेजात शिकताना मला इंजिन उतरवण्याने जितकं छळलं नाही तितकं या पत्र्याच्या डब्याने छळलं.

एक आधी सांगतो, म्हणजे भीती जाईल. अंगावर, जमिनीवर तेल सांडलं तर गाडीचं काही बिघडत नाही. भुसा टाका, झाडा, संपलं. कोणाच्याही पहिल्या फिल्टरला कोपरापर्यंत काळं ऑईल येतंच. जे तेल सांडलेलं दिसतच नाही, ते मात्र महागात पडतं.

बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर इंजिनाच्या ब्लॉकला आडवा किंवा तिरका बसवलेला असतो. आत रबराची एक पडद्यासारखी झडप असते, गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल परत खाली उतरू नये म्हणून. त्यामुळे चेंबर पार रिकामं केलं तरी फिल्टर भरलेलाच राहतो, गाडीप्रमाणे पाव लिटरच्या आसपास. आता नीट लक्ष द्या. फिल्टरला धरून ठेवतात मधले आटे, पण तेल अडवते कडेची रबरी पॅकिंग. अर्धा-पाऊण फेरा सैल झाला की पॅकिंग सुटते, आटे मात्र अजून बरेच शिल्लक असतात. म्हणजे फिल्टर हातात येण्याच्या कितीतरी आधी तेल यायला लागतं. आणि ते तुमच्या ट्रेमध्ये सरळ पडत नाही. ब्लॉकच्या अंगाला चिकटून उतरतं, तिथून क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या पोकळ आडव्या पट्टीवर), क्रॉसमेंबरच्या पोकळीत, नाहीतर सायलेन्सरच्या पुढच्या पाईपावर.

नवा माणूस इथे घाबरतो आणि भराभर फिरवतो. जेवढं भराभर, तेवढं जास्त तेल पोकळीत.

मग काय होतं बघा. वरवर पुसून गाडी दिली. गिऱ्हाईक पारोळ्याला निघालं, वाटेत पाईप तापला, गाडीत जळक्या तेलाचा वास. रात्री गाडी अंगणात उभी, क्रॉसमेंबरच्या भोकातून थेंब थेंब, सकाळी फरशीवर डाग. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात: ‘तुमचा फिल्टर गळतो.’ खाली हात घातला तर खरंच ओलं लागतं. आपण काय करतो? पाना लावून अजून आवळतो. मीही आवळला. गळणं थांबलं, कारण साचलेलं तेल संपलं होतं. मला वाटलं आवळल्याने थांबलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक फिल्टर पान्याने आवळायला लागलो आणि १०,००० किलोमीटरनंतर त्याच गाड्या सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा फिल्टर हलेनात. पत्रा चेपला, फाटला, आणि मूळच्या दुप्पट तेल सांडलं. नसलेल्या गळतीवर केलेला इलाज असा वर्षभराने अंगावर येतो.

म्हणून गळती खरी की खोटी ते आधी ओळखा. सगळं कोरडं पुसा, इंजिन चालू ठेवा, टॉर्च मारून पॅकिंगच्या कडेकडे बघा. खरी गळती इंजिन चालू असताना, तेलाला दाब असताना, फिल्टरच्या कडेतून येते. साचलेलं तेल गाडी उभी असताना खालच्या पत्र्यातून टपकतं, आणि डिपस्टिकवर पातळी उतरत नाही. एवढं तपासल्याशिवाय फिल्टरला हात लावायचा नाही.

आता खोलायचं कसं. चेंबर रिकामं करून नट परत बसवा, मगच फिल्टरकडे वळा. दोन्हीकडून धार आणि ट्रे एक, ही कसरत करू नका. वरचं ऑईल कॅप उघडं ठेवा, हवा मिळाली की वरचं तेल लवकर खाली येतं. फिल्टरखाली पन्हळ लावा. आपल्याकडे ठिबकच्या कामाचे पीव्हीसी पाईपाचे तुकडे कुठल्याही शेतात पडलेले असतात. अडीच इंची तुकडा उभा चिरला की झाली पन्हळ, एक टोक पॅकिंगच्या खालच्या कडेला टेकवायचं, दुसरं ट्रेमध्ये. पाईप मावत नसेल तर ऑईलचाच रिकामा कॅन कापा. खाली अल्टरनेटर किंवा बेल्ट येत असेल तर त्यावर जाड कपडा.

मग पान्याने अर्धा फेरा. आणि थांबा. हात काढून घ्या. तेल पन्हळीतून येऊ द्या, धार तुटून थेंबावर येईपर्यंत. माझे उस्ताद अमळनेरकडचे, बोलायचे कमी. मी पुढे फिरवायला गेलो की एवढंच म्हणायचे, ‘कसाले घाई करी ऱ्हायना रे?’ का थांबायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘बघून शिक’ म्हणणारे उस्ताद मला आजही पटत नाहीत. बघून हात शिकतो, कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला हात उस्तादांची पाठ वळली की घाई करतो. तुमचे उस्ताद सांगत नसतील तर चहाच्या वेळेला विचारा. शिव्या खाल्ल्या तरी विचारा.

धार थांबली की फिल्टरवर खालून जाड प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीतूनच हाताने फिरवून काढा. फिल्टर उरल्यासुरल्या तेलासकट पिशवीत पडतो. खताच्या गोणीच्या आतली पिशवी, धुऊन वाळवलेली, उत्तम. केळीच्या घडाला घालतात ती कापडासारखी पिशवी वापरू नका, तिच्यातून तेल झिरपतं. आणि सायलेन्सरचा पाईप गरम असेल तर कुठलीच पिशवी नको, वितळून चिकटेल.

गरमवरून आठवलं. इंजिन तापवून मग ऑईल काढा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. थंड मुलखात ते बरोबरच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, सकाळपासून उभ्या असलेल्या गाडीतलं ऑईलही पुरेसं पातळ असतं. उलट धुळ्याहून हायवेने आलेली गाडी लगेच खोलायला घेतली तर हात भाजेल. अर्धा तास थांबा. गिऱ्हाईक घाई करतं, करू द्या, रसवंतीवर पाठवा.

फिल्टर अडकला असेल तर पाना मधोमध लावू नका, तिथे पत्रा पातळ असतो. ब्लॉकच्या जितक्या जवळ लावाल तितका कडक आधार मिळतो. टोपी पाना योग्य मापाचा असेल तर तोच, नाहीतर बेल्ट पाना. चेन पाना शेवटी. फिल्टरमधून स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही. करणारे छाती पुढे काढून करतात, पण निम्म्या वेळा पत्रा चिरत जातो, फिल्टर जागचा हलत नाही आणि दोन भोकांतून तेल चालू. दिशाही तपासा: सुटायची दिशा फिल्टरच्या बंद तोंडाकडून बघून डावीकडे. वरून हात घालून खोलत असाल तर ती उलटी दिसते. किती ‘अडकलेले’ फिल्टर खरं तर आवळले जात असतात!

काढल्यावर जुन्या फिल्टरला पॅकिंग आहे का ते बघा. नसेल तर ती ब्लॉकला चिकटली आहे. नखाने काढा, जागा पुसा. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर इंजिन चालू होताच दाबाने सगळं नवं ऑईल बाहेर फेकलं जाईल आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर इंजिन जाम. इथे माफी नाही.

क्रॉसमेंबरच्या पोकळीत डिझेलचा बोळा फिरवून कोरडं करा. पेट्रोल नको, शेजारी गरम पाईप आहे. नव्या पॅकिंगला बोटाने ऑईल लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग फिल्टरवर छापलेलं असतं तेवढं, बहुतेक पाऊण फेरा, तोही हातानेच. सुरुवातीला विश्वास बसत नाही की एवढ्याने धरेल. धरतं.

जुना फिल्टर ट्रेवर उपडा ठेवून रात्रभर निथळू द्या. काळं ऑईल नाल्यात ओतू नका, २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. दाराच्या चौकटीला वाळवीसाठी मागायला शेजारी येतील, त्यांनाही नाही म्हणा.

काही गाड्यांत, डिझेलमध्ये जास्त, प्लास्टिकच्या घरात कागदी फिल्टर असतो. तो वरून उघडत असेल तर तुमचं नशीब चांगलं: झाकण दोन-तीन फेरे सैल करून थोडा वेळ सोडा, तेल आपोआप चेंबरमध्ये उतरतं. फक्त खोक्यातल्या ओ-रिंगा मोजून घ्या. काम संपल्यावर एखादी उरली तर ती दुसऱ्या मॉडेलची आहे असं समजण्याआधी झाकण पुन्हा उघडून बघा, जुनी आतच राहिली आहे का.