फिशफाइंडर ऑटोवरून काढा, हाताने सेट करा

बऱ्याच बोटींवर फिशफाइंडर (पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली आणि मासा दाखवणारं मशीन) बसवला त्या दिवशी जसा होता तसाच वर्षानुवर्षं चालतो, सगळं ऑटोवर, आणि मग "मशीन मासा दाखवत नाही" म्हणून दुसरं घ्यायची बोलणी सुरू होतात. त्याआधी एकदा हे करून बघा, अर्धा तास लागतो.

जून-जुलैच्या बंदीत बोट शाकारलेली असते तेव्हाच ट्रान्सड्यूसर (पाण्याखाली बसवलेला, ध्वनी सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग) साफ करून घ्या. त्यावर शेवाळ आणि शिंपले चढले असतील तर पुढचं सगळं सेटिंग फुकट. सुरीने खरवडू नका, ओल्या फडक्याने आणि लाकडाच्या चिपेने हळूहळू काढा.

बोट पाण्यात गेली की आधी खोली जुळवा. मीटर ठेवायचं की वाव ते तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) सवयीप्रमाणे ठरवा (एक वाव म्हणजे सहा फूट, साधारण 1.83 मीटर). मशीन खोली मोजतं ती ट्रान्सड्यूसरपासून, पाण्याच्या वरच्या पातळीपासून नाही, म्हणून तो पाण्यात जितका खाली असेल तेवढा आकडा ऑफसेटमध्ये (मोजलेल्या खोलीत मिळवायच्या आकड्यात) टाका, आणि शिसं बांधलेली दोरी सोडून एकदा खात्री करा.

आता फ्रिक्वेन्सी. बहुतेक मशीनला 50 आणि 200 किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. 200 चा झोत अरुंद असतो पण चित्र बारीक आणि स्पष्ट येतं, 50 चा रुंद असतो आणि खोलवर पोचतो. समजा 200 चा झोत 15 अंशांचा आहे, तर 30 मीटर पाण्यात तळावर जेमतेम 8 मीटर रुंदीचा गोल दिसतो, आणि 50 चा 45 अंशांचा धरला तर तोच गोल 25 मीटरच्या आसपास जातो (नेमके अंश तुमच्या ट्रान्सड्यूसरच्या पुस्तिकेत बघा). आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मी 200 च ठेवतो, खोल समुद्रात गेलं की 50.

रेंज, म्हणजे स्क्रीनवर किती खोलीपर्यंत दाखवायचं ते, पण ऑटोवर नको. पाणी 25 मीटर असेल तर रेंज 30-35 ठेवा, तळ स्क्रीनच्या खालच्या भागात आला पाहिजे, नाहीतर अर्धी स्क्रीन तळाखालच्या रिकाम्या जागेतच जाते.

सगळ्यात महत्त्वाचं गेन, म्हणजे परत आलेला प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते, इथे घाई करू नका. गेन वाढवत न्या, पूर्ण स्क्रीनवर ठिपके भरले की तिथून हळूहळू कमी करा, थोडेसे ठिपके उरले की थांबा. स्क्रीन एकदम स्वच्छ दिसली म्हणजे गेन कमी पडलाय. सुरमईला पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तिचा प्रतिध्वनी फार हलका येतो आणि गेन कमी असेल तर ती दिसतच नाही, उलट घोळीचा बोत (हीच हवेची पिशवी) मोठा म्हणून तिची खूण ठळक उमटते. शिवाय पाण्याची खोली बदलली की गेन परत बघायचा, एकदा लावला आणि विसरलो असं चालत नाही.

वरच्या थरात लाटांमुळे आणि बुडबुड्यांमुळे पांढरा-निळा गोंगाट दिसतो, तो क्लटर (असा गोंगाट गाळणारं सेटिंग) वाढवून कमी करा, पण जेवढ्यास तेवढंच, नाहीतर वरच्या पाण्यातला मासाही पुसला जातो. शेजारच्या बोटीचं मशीन चालू असेल तर उभ्या तुटक रेषा येतात, त्यासाठी इंटरफिअरन्स (दुसऱ्या मशीनचा अडथळा गाळणारं सेटिंग) पहिल्या पायरीवर ठेवलं तरी पुरतं. माशाची चित्रं दाखवणारा पर्याय मात्र बंदच करा, जेलीफिश किंवा बुडबुड्यांनाही तो मासाच म्हणतो.

आणि स्क्रीन वाचताना लक्षात ठेवा, अगदी उजव्या कडेची उभी रेघच आत्ताची, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं आहे, बोट थांबलेली असली तरी चित्र सरकत राहतं. तळ जाड, गडद आणि त्याखाली दुसरी रेघ दिसली की कडक तळ किंवा खडक, जाळं टाकताना सांभाळा, पट्टा फिकट आणि पातळ असेल तर चिखल. जमलेलं सेटिंग खोलीप्रमाणे कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा, मशीन कधी रीसेट झालं तर पाच मिनिटांत परत लावता येतं.